जॉन ग्रॅहॅम : वनस्पतींची यादी करणारे टपाल-अधिकारी

आम्हां तुंगार्लीकरांस खंडाळा म्हणजे शेजारचेंच गांव. तेथें २८ मे १८३९ रोजीं एका परदेशी अभ्यासकाचा अंत झाला, हें मात्र आमच्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. आमच्या बालवाचकांस त्यांचा परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन ग्रॅहॅम यांचा जन्म १८०५ सालीं स्कॉटलंडांत झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा आश्रय लाभून त्यांस मुंबईच्या टपालखात्यांत डेप्युटी पोस्टमास्तर जनरलची जागा मिळाली. माल्कम यांच्याच कारकीर्दींत, १८३० सालीं, आपल्या बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. ग्रॅहॅम यांची उपजीविका टपालावर चाले. परंतु कामांतून उरलेला वेळ ते वनस्पतींच्या अभ्यासांत घालवीत. मुंबई व तिच्या आसपास उगवणाऱ्या वनस्पतींची एक शास्त्रशुद्ध यादी तयार करावी, असा त्यांनीं संकल्प केला.

यादी छापखान्यांत गेली, आणि सुमारें २०० पृष्ठें छापून होतात न होतात तोंच ग्रॅहॅम वारले. त्यांनीं वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. अशा वेळीं जोसेफ निम्मो या त्यांच्या स्नेह्यानें राहिलेलें काम अंगावर घेतलें व १८३९ सालींच ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर नांव राहिलें तें ग्रॅहॅम यांचेंच.

या स्नेहाची एक खूण मात्र सह्याद्रींत अद्यापि जिवंत आहे. ग्रॅहॅम यांनीं आपल्या यादींत एका लहान वृक्षास निम्मो यांचें नांव दिलें होतें. आपले लोक त्यास नरक्या म्हणतात, कारण त्याच्या फुलांस दुर्गंध येतो. शास्त्रीय भाषेंत त्यास आज नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. पुढें १९७२ सालीं या दुर्लक्षित झाडांत कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य सांपडलें. त्यापासून कर्करोगावरील औषधें बनतात. परंतु गुण कळतांच लोभही जागा झाला, आणि रानोरान नरक्याची बेसुमार तोड झाली.

विद्यार्थ्यांनो, ग्रॅहॅम यांस या झाडाचा गुण ठाऊक नव्हता. तरी त्यांनीं तें नीट पाहून नोंदविलें. तुमच्याही घरामागच्या टेकडीवर पुष्कळ झाडें आहेत. येत्या सुटींत त्यांतील दहांचीं तरी नांवें वडीलधाऱ्यांस विचारून वहींत लिहून ठेवा. ज्याचें नांवच आपणांस ठाऊक नाहीं, तें झाड उद्यां नाहींसें झालें तरी आपणांस कळावें कसें?