दाबलेल्या स्फटिकातली वीज

पिएर क्युरी म्हटले की रेडियम आठवते. त्यांचा पहिला मोठा शोध मात्र स्फटिकाचा. १८८० मध्ये पॅरिसला, वयाच्या २१व्या वर्षी, थोरले बंधू जाक यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. पुढच्याच वर्षी उलटेही सिद्ध केले: वीज दिली की स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. मेरी क्युरींनी किरणोत्सर्ग मोजला तो याच गुणावर चालणाऱ्या उपकरणाने.

१९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिएर ४६व्या वर्षी गेले. पुढचे त्यांना पाहता आले नाही. आज मोबाइलमध्ये अशाच स्फटिकाचा इवलासा पापुद्रा थरथरून हवी तीच रेडिओलहर निवडतो; पापुद्रा जितका पातळ, तितकी कंपने जलद. आणि सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये तोच गुण पोटातल्या बाळाचे धडधडणारे हृदय दाखवतो.