सगळे सर्कसला गेले, हा माणूस घरी थांबला आणि जखम का सुजते ते कळलं

बोटात काटा रुतला की बोट लाल होतं, ठणकतं, सुजतं. १८८० च्या आसपास बहुतेक डॉक्टर या सुजेला निव्वळ दुखणं समजायचे. पुवात सापडणाऱ्या पांढऱ्या पेशींवर तर संशय होता की त्याच जंतूंना अंगभर फिरवतात.

हा समज खोडून काढला एली मेचनिकोव्ह यांनी.

१८४५ साली आजच्या युक्रेनमध्ये, खारकीवजवळ त्यांचा जन्म झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणीशास्त्रज्ञ होते. ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायचे. १८७३ मध्ये पहिली पत्नी लुडमिला टीबीने गेली. मेचनिकोव्ह इतके खचले की त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले, कामाला लागले, ओल्गाशी दुसरं लग्न केलं. १८८२ मध्ये विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून राजीनामा दिला आणि कुटुंबासोबत इटलीतलं मेसिना गाठलं.

एके दिवशी घरचे सगळे सर्कस बघायला गेले. हे मायक्रोस्कोपपाशी बसले. समोर होती तारामाशाची अळी, काचेसारखी आरपार दिसणारी. तिच्या आत पेशी फिरत होत्या. त्यांच्या मनात आलं, या पेशी शरीराची राखण तर करत नसतील? तसं असेल तर काटा टोचल्यावर त्या तिथे जमायला हव्यात.

बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी अळ्यांना टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा घोळका!

यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. तरीही पेशी स्वतःहून जखमेकडे गेल्या होत्या. म्हणजे सूज हा नुसता आजार नव्हता, तो शरीराचा बचाव होता. या पेशींना फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असं नाव पडलं.

पण लगेच कोणी मानलं नाही. जर्मनीतल्या मोठमोठ्या संशोधकांचं म्हणणं होतं की जंतू मारतात ते रक्तातले घटक, पेशी नाही. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या आपल्या संस्थेत मेचनिकोव्ह यांना जागा दिली. ओडेसातला त्यांचा विद्यार्थी वाल्देमार हाफकिनही पुढे तिथे आला. मुंबईत प्लेगची लस बनवणारे, परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे, तेच हे हाफकिन.

१९०८ चं नोबेल मेचनिकोव्ह आणि विरुद्ध गटातले पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं. दोघंही बरोबर होते. १९१६ मध्ये पॅरिसमध्ये मेचनिकोव्ह यांचं निधन झालं.

पेशी धावते हे त्यांनी दाखवलं. तिच्या आत काय घडतं, हे बघायची साधनं मात्र तेव्हा नव्हती. आज ते माहीत आहे. जंतूचा किंवा फुटलेल्या पेशीचा अंश लागला की भक्षक पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जातो आणि गप्प असलेली शेकडो जनुकं कामाला लागतात. जनुकं बदलत नाहीत, कोणती चालू आणि कोणती बंद हे बदलतं. आधी सूज आणणारे, इतर पेशींना बोलावणारे रेणू तयार होतात. धोका टळला की ती जनुकं शांत होतात आणि जखम भरणारी जागी होतात.

हे बटण बंदच झालं नाही तर? संधिवाताच्या एका प्रकारात तेच होतं. जंतू नसतात, तरी सांधे सुजत राहतात.

म्हणून काटा काढल्यावरही बोट थोडा वेळ सुजलेलं राहतं. आत पेशींचं काम चालू असतं. ते पहिल्यांदा ओळखलं सर्कस चुकवलेल्या एका माणसाने.