लोकांचा एक वाटा, सरकारचा एक वाटा

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेले गोपाळराव गायकवाड १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक गेले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे बडोद्याचे अधिपती झालेल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांना विद्येचे मोल कळले ते असे उशिरा शिकून.

१८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभार हाती येताच त्यांनी शिक्षणात लक्ष घातले. १८९३ मध्ये अमरेली भागातील निवडक गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला. १९०६ मध्ये ती सक्ती सर्व संस्थानास लागू झाली. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही नसेल, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे महाराजांनी ओळखले होते.

त्याच सुमारास मोतीभाई अमीन हे शिक्षक मित्रमंडळामार्फत गावोगाव वाचनालये काढीत होते. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले आणि मोतीभाईंनाही त्या कार्यात सामावून घेतले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी व तेवढीच सरकारने घालावी, असा नियम ठरला. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला. जेथे वाचनालय नव्हते, तेथे फिरत्या वाचनालयाच्या पेट्या पोहोचू लागल्या. महाराजांच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रह बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाला. वर्गणी स्वतः दिली असल्याने गावाला वाचनालय आपले वाटे.

मात्र प्रत्येक ठिकाणी लोकांच्या पुढाकाराची वाट पाहून चालण्यासारखे नव्हते. राज्यकारभाराच्या प्रारंभीच महाराजांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, तेव्हा सवर्ण हिंदू शिक्षक पुढे येईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले. समाजच विरोधी असता त्याच्या वर्गणीवर शाळा कशी उभी राहणार? तेथे भार सरकारनेच उचलला. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. लोक जेथे चालू लागले होते तेथे त्यांना साथ द्यावी आणि समाज जेथे वाट अडवून बसला होता तेथे राज्याने स्वतः पुढे व्हावे, हा विवेक त्यांनी दाखविला. वर्गणीदारांच्या बळावर उभ्या असलेल्या प्रत्येक ग्रंथालयाने तो स्मरणात ठेवावा.