शब्दांची संगत ओळखणारा कोशकार

मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीच्या अनोळखी प्रदेशात एका जाडजूड ग्रंथाने सोबत केली. ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हे त्याचे नाव. या ग्रंथावर ए. एस. हॉर्नबी हे नावही छापलेले असे. पण ते वाचून पुढे जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हा गृहस्थ कोण, याची कल्पना होती. इंग्लंडमधल्या विद्यापीठात बसून जुन्या पोथ्या चाळणारा एखादा पंडित असेल, असाच अनेकांचा समज. प्रत्यक्षात हा कोश जन्माला आला तो जपानमध्ये, तोही महायुद्धाच्या ऐन धुमाळीत. त्याचा कर्ता पेशाने होता शिक्षक.

अल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून १९२२ मध्ये इंग्रजी विषयाची पदवी घेतल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यांनी जपानची वाट धरली. क्यूशू बेटावरील ओइता येथील उच्च वाणिज्य विद्यालयात त्यांना इंग्रजीच्या अध्यापकाची जागा मिळाली होती. साहित्य शिकवावे या अपेक्षेने गेलेल्या या तरुण अध्यापकाला वर्गात लवकरच वेगळा अनुभव येऊ लागला. विद्यार्थी कष्टाळू होते, व्याकरणाचे नियम त्यांना मुखोद्गत होते, मोठमोठे शब्द त्यांनी पाठ केलेले होते. तरीही साधे चार वाक्यांचे संभाषण करायची वेळ आली की त्यांची जीभ अडखळे. शब्द होते, पण भाषा नव्हती. साहित्याच्या रसग्रहणाआधी या मुलांना रोजच्या व्यवहारातले इंग्रजी हवे आहे, हे हॉर्नबींच्या ध्यानात आले.

याच प्रश्नावर टोकियोत एक जाणकार आधीपासून काम करीत होता. हॅरोल्ड पामर हे जपानच्या शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार. इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली १९२३ मध्ये एक संस्था स्थापन झाली होती. परकी भाषा आधी कानाने आणि जिभेने शिकावी, नंतर डोळ्यांनी, असा पामर यांचा आग्रह. हॉर्नबी या संस्थेकडे ओढले गेले आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी पामर यांनी त्यांना शब्दसंशोधनाच्या कामात सहभागी करून घेतले. पुढे ते टोकियोलाच येऊन राहिले.

या संशोधनाचा गाभा होता शब्दांची संगत. कोणताही शब्द एकटा वावरत नाही; त्याचे ठरलेले सोबती असतात. मराठीत पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा आणि ऊन रणरणते. ‘मुसळधार वारा’ कुणी म्हणत नाही आणि का म्हणत नाही, याचे व्याकरणात उत्तर नाही. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ असतो, पण वारा आणि चहा मात्र ‘स्ट्राँग’. वाक्प्रचारांची गोष्ट तर याहून अवघड. ‘डोळा’ आणि ‘लागणे’ हे दोन्ही शब्द ठाऊक असलेल्या परक्या माणसाला ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली, हे कसे उमगावे? तसेच ‘लुक’ म्हणजे पाहणे आणि ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, एवढेच जाणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, हे तर्काने सापडणार नाही. शब्दशः भाषांतर तर कित्येकदा उलट्याच दिशेला नेते. इंग्रजीत एखाद्याचा पाय ओढणे म्हणजे त्याची थट्टा करणे. मराठीत मात्र पाय ओढण्यात मत्सर असतो.

अशा हजारो शब्दजोड्या आणि वाक्प्रचार गोळा करून त्यांचे वर्गीकरण करणारा एक अहवाल संस्थेने १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला मोठा वाटा हॉर्नबींचा होता. इंग्रजांना स्वतःला या जोड्यांचे कधी नवल वाटले नव्हते, कारण त्या त्यांना आईच्या तोंडून मिळाल्या होत्या. परक्या मुलांसमोर रोज उभे राहणाऱ्या शिक्षकालाच त्यांचे मोल कळू शकले.

पामर १९३६ मध्ये मायदेशी परतले आणि संशोधनाची धुरा हॉर्नबींच्या खांद्यावर आली. पुढच्याच वर्षी त्यांनी ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह एका नव्या कोशाची आखणी सुरू केली. तोवरचे इंग्रजी कोश इंग्रजांनी इंग्रजांसाठी रचलेले असत. शब्दाची व्युत्पत्ती, त्याचे प्राचीन रूप, ग्रंथांतले दाखले यांना त्यांत मानाचे स्थान असे. शिकणाऱ्याची अडचण निराळी होती. समोर आलेला शब्द समजून घेणे हे त्याचे अर्धेच काम. तो शब्द स्वतःच्या वाक्यात बिनचूक वापरणे हे खरे काम.

म्हणून हॉर्नबींनी व्युत्पत्तीला रजा दिली. अर्थ सोप्या इंग्रजीत सांगितले, जागोजागी चित्रे घातली आणि नित्याच्या वापरातली छोटी उदाहरणे दिली. कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, याचीही खूण केली. मराठी माणूस सहजपणे ‘दोन सल्ले’ देतो. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅडव्हाइस’ला मात्र अनेकवचन चालत नाही. असल्या साध्या वाटणाऱ्या चुका शिकणाऱ्याला चारचौघांत ओशाळवाण्या करतात, हे त्या खुणेमागचे शहाणपण होते.

सर्वांत मोठी मेहनत होती ती क्रियापदांच्या साच्यांवर. ‘त्याने जावे असे मला वाटते’ हा आशय इंग्रजीत ‘वॉन्ट’ने एका प्रकारे मांडावा लागतो आणि ‘सजेस्ट’ने दुसऱ्या. ‘आय वॉन्ट हिम टू गो’ हे शुद्ध, पण त्याच चालीवर ‘आय सजेस्ट हिम टू गो’ म्हटले की चूक. कोणत्या क्रियापदामागे कोणती रचना येते, याचा शोध घेऊन हॉर्नबींनी पंचवीस साचे निश्चित केले आणि कोशातल्या क्रियापदांपुढे त्यांचे क्रमांक दिले. ही योजना निर्दोष नव्हती. क्रमांक पाहायचा आणि मग त्याचा अर्थ शोधायला प्रस्तावनेकडे वळायचे, हा खटाटोप पुष्कळांना नकोसा होई. पुढच्या संपादकांना ही पद्धत टप्प्याटप्प्याने सोपी करावी लागली. परंतु प्रत्येक क्रियापदाचा असा हिशेब शिकणाऱ्याच्या हाती देण्याची कल्पना टिकली.

कोशाचे लेखन १९४० मध्ये पूर्ण झाले. छपाई चालू असतानाच डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि जपानमधले इंग्रज एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हॉर्नबींना स्थानबद्ध करण्यात आले. ज्या देशात त्यांनी सतरा वर्षे अध्यापन केले, तेथे आता त्यांची भाषा शत्रूची भाषा होती. अशा काळात एका ब्रिटिश बंदीने रचलेला इंग्रजीचा कोश छापखान्यातच राहिला असता, तर नवल नव्हते. पण टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने १९४२ मध्ये, युद्ध पेटलेले असताना, तो प्रसिद्ध केला. जपानी प्रकाशकाचे हे धैर्य इंग्रजी शिकणाऱ्या जगावरचे मोठे ऋण आहे. त्याच वर्षी हॉर्नबींची सुटका होऊन त्यांना जपान सोडावा लागला.

त्यानंतर ब्रिटिश कौन्सिलने त्यांना इराणला पाठविले आणि युद्ध संपेपर्यंत ते तेहरानमध्ये अध्यापन करीत राहिले. १९४५ मध्ये लंडनला परतल्यावर ते कौन्सिलचे भाषासल्लागार झाले. १९४६ मध्ये त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. ते आजही प्रसिद्ध होते. दरम्यान ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने टोकियोत छापलेल्या कोशाच्या पानांची छायाचित्रे घेऊन १९४८ मध्ये तो नव्या नावाने प्रकाशित केला. पुढे त्या नावात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा शब्द आला आणि कोश जगभर पोहोचला. दुसरी आवृत्ती १९६३ मध्ये, तर तिसरी १९७४ मध्ये निघाली. एकीकडे १९५४ मध्ये त्यांनी इंग्रजीच्या वाक्यरचनांवरचे मार्गदर्शकही लिहिले. शिक्षकांनी ते वर्षानुवर्षे वापरले.

कोशाने हॉर्नबींना धन मिळवून दिले. त्याचा विनियोग त्यांच्या वृत्तीला साजेसाच झाला. १९६१ मध्ये त्यांनी एक शैक्षणिक न्यास स्थापन केला आणि आपल्या मानधनाचा ओघ तिकडे वळविला. परदेशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण घेता यावे, यासाठी या न्यासातून शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या. शिकणाऱ्यांकडून आलेला पैसा शिकविणाऱ्यांच्या मार्गाने पुन्हा शिकणाऱ्यांकडेच जावा, अशी ही व्यवस्था होती.

१३ सप्टेंबर १९७८ रोजी लंडनमध्ये हॉर्नबींचे निधन झाले. त्याच वर्षी लाँगमन या प्रकाशनसंस्थेने शिकणाऱ्यांसाठी स्वतःचा कोश आणला आणि या क्षेत्रात स्पर्धेचे युग सुरू झाले. पुढे संगणक आला, कोट्यवधी शब्दांच्या संग्रहांतून शब्दांच्या जोड्या क्षणात शोधता येऊ लागल्या. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम वाचन आणि वर्गातल्या अनुभवाच्या बळावर केले होते. त्यांच्या कोशाची दहावी आवृत्ती २०२० मध्ये निघाली.

उच्चार इंग्रजांसारखा जमला नाही तरी शब्द योग्य संगतीत वापरला, तर कुणाचेही इंग्रजी खणखणीत ठरते, हा विश्वास ओइतातल्या मुलांना लागत होता, तसाच तो पुण्या-मुंबईकडे निघालेल्या खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही लागत होता. परक्या भाषेच्या दाराशी संकोचाने उभ्या राहिलेल्यांना हॉर्नबींनी हाताला धरून आत नेले. त्यासाठी आयुष्यभर ते स्वतः शिकणाऱ्याच्या बाजूला उभे राहिले.