छोट्या तेरेजाची घरची शाळा

१ ऑक्टोबर रोजी आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करतो. तिच्या गुलाबपुष्पांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. तिच्या अभ्यासाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आज तीच बाजू पाहू या.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील अलाँसाँ येथे लुई व झेली मार्टिन यांच्या पोटी झाला. थोरली बहीण मरी ही सेलीनला घरी शिकवत असे. छोटी तेरेजा हट्टाने तिथे जाऊन बसे आणि दोन-दोन तास चकार शब्द काढत नसे. मरी तिला मणी ओवायला किंवा चिंधी शिवायला देई. सुईतला दोरा निसटला की ती मुकाट्याने अश्रू ढाळी, पण कुणाला हाक मारत नसे!

१८७७ साली आई कर्करोगाने देवाघरी गेली. कुटुंब लिझ्यूला राहायला आले आणि सोळा वर्षांच्या पोलीनताईने धाकटीचे शिक्षण हाती घेतले. धर्मशिक्षण व बायबलचा इतिहास तेरेजाला आवडे. व्याकरणाने मात्र डोळ्यांत पाणी येई. धडा संपला की मिळालेले गुण दाखवायला ती वडिलांकडे धावे. दुपारी वडील तिला फिरायला नेत आणि वाटेत एखाद्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताची भेट घेत.

स्वर्गात सर्व संतांना सारखेच वैभव का नाही, कमी मिळालेले दुःखी नसतील का, असा प्रश्न तिला एकदा पडला. मोठी झालीस की कळेल, असे सांगून आपण मोकळे झालो असतो. पोलीनने वडिलांचा मोठा पेला आणि तेरेजाचे शिवणाचे इवलेसे अंगुस्तान आणवले, दोन्ही पाण्याने काठोकाठ भरले आणि अधिक भरलेले कोणते, असे विचारले. मुलीला उत्तर मिळाले.

या घरच्या शाळेला एक उणी बाजूही होती, ती लपवू नये. १८८१ साली तेरेजा बेनेदिक्तीन धर्मभगिनींच्या शाळेत गेली. अभ्यासात ती वयाने मोठ्या मुलींच्याही पुढे असे, म्हणून एका मोठ्या मुलीने मत्सरापोटी तिला छळले. खेळणे तिला जमत नसे. ती झाडाखाली मेलेले पक्षी पुरी, मुलींना गोष्टी सांगे. शिक्षिकेने तेही बंद केले, कारण मुलींनी धावावे अशी तिची इच्छा होती. शिक्षिकेचे म्हणणे आम्हाला अगदीच चुकीचे वाटत नाही. तेराव्या वर्षी तेरेजाची शाळा सुटली. पुढे एका बाईंकडे शिकवणी आणि घरी स्वतःचे वाचन, एवढेच.

१८८८ साली, पंधराव्या वर्षी तिने कार्मेल मठात प्रवेश केला. पोलीन तिच्या आधीच तिथे गेली होती. पुढे मठाची प्रमुख झाल्यावर तिने तेरेजाला बालपणीच्या आठवणी लिहिण्याची आज्ञा केली. तेरेजाने त्या साध्या शाळकरी वहीत लिहिल्या. शुद्धलेखन तेव्हाही कच्चेच होते. जानेवारी १८९६ मध्ये ती वही तिने आपल्या पहिल्या शिक्षिकेच्या हाती दिली. १८९७ साली, चोविसाव्या वर्षी तेरेजाचे निधन झाले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडित म्हणून घोषित केले.