काशीबाई कानिटकर : चोरून गिरवलेल्या अक्षरांपासून कादंबरीपर्यंत

हेब्बाळ (बेंगळुरू) : जेन ऑस्टेन यांची पहिली कादंबरी १८११ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते, लेखन एका स्त्रीचे आहे, एवढाच उल्लेख होता. ऑस्टेन यांच्या नायिकांना निदान समोर आलेला वर नाकारता येत असे. त्यानंतर अर्धशतकाने महाराष्ट्रात जन्मलेल्या काशीबाई कानिटकर यांना तेवढाही अधिकार नव्हता. तरीही मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या स्त्री-कादंबरीकार म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील आष्टे येथे, बापट कुटुंबात झाला. मुलीने शिकावे, असे त्या काळी सधन घरांतही कोणाला वाटत नसे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. गोविंदराव पुढे कवी आणि न्यायखात्यातील अधिकारी म्हणून ओळखले गेले. पत्नी सुशिक्षित असावी, हा त्यांचा आग्रह होता. सासरच्या वडीलधाऱ्यांना मात्र सुनेच्या हातातील पुस्तक खपत नव्हते. घरकाम आटोपल्यावर, इतरांची नजर चुकवून काशीबाई वाचायला शिकल्या. मराठीपाठोपाठ त्यांनी इंग्रजीही आत्मसात केली.

‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून त्यांचे लेखन वाचकांपुढे आले. कादंबरीकार हरि नारायण आपटे हे कानिटकर दांपत्याचे स्नेही. वयाने काशीबाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान असलेल्या आपट्यांनी त्यांच्या लेखनाला प्रोत्साहन दिले. ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आपट्यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीजीवनाच्या चित्रणामागे काशीबाईंशी झालेल्या संवादाचा वाटा असल्याचे अभ्यासक मानतात.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे १८८७ मध्ये अकाली निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच काशीबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीच्या आयुष्याची अशी सविस्तर नोंद करणे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. काँग्रेसच्या १८८९ मधील मुंबई अधिवेशनास उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत पंडिता रमाबाईंप्रमाणे काशीबाईही होत्या.

‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी १९०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तर ‘पालखीचा गोंडा’ १९२८ मध्ये. दुसरे पुस्तक आले तेव्हा त्यांचे वय ६७ होते आणि गोविंदरावांच्या निधनाला दहा वर्षे झाली होती.

‘पालखीचा गोंडा’ ही त्यांची सर्वांत धाडसी कृती. ऑस्टेन यांच्या कथा विवाहापाशी संपतात. ही कथा विवाहापासून सुरू होते. मतिमंद संस्थानिकाशी लग्न लावून दिलेली नायिका नशिबाला दोष देत बसत नाही. ती राज्यकारभार हाती घेते, स्त्रीशिक्षणाला चालना देते आणि कारभारात स्त्रियांना स्थान देते. अन्यायातून मिळालेले पद ती इतरांवरील अन्याय दूर करण्यासाठी वापरते.

ही कल्पना वास्तवापासून फार दूर नव्हती. बेंगळुरू ज्या म्हैसूर संस्थानात होते, त्याचा कारभार १८९५ ते १९०२ या काळात राजमाता केंपनंजम्मण्णी वाणीविलास यांनी पुत्र अल्पवयीन असताना सांभाळला होता. बंगालमधील रुकैया सखावत हुसेन यांनीही १९०५ मध्ये स्त्रियांनी चालवलेल्या राज्याची कथा लिहिली होती. काशीबाईंचे वेगळेपण असे, की त्यांनी ते राज्य स्वप्नभूमीत न वसवता ओळखीच्या संस्थानी वातावरणात उभे केले.

काशीबाईंचे निधन ३० जानेवारी १९४८ रोजी झाले. त्याच दिवशी महात्मा गांधींची हत्या झाली आणि सारा देश त्या शोकात बुडाला. सरोजिनी वैद्य यांनी १९७९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आणि चरित्र एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हा नव्या पिढीला त्यांची पुन्हा ओळख झाली. ऑस्टेन आज जगभर वाचल्या जातात. ‘पालखीचा गोंडा’ मात्र मराठी घरांतूनही क्वचितच आढळतो. ज्या भाषेतील अक्षरे या लेखिकेने चोरून गिरवली, त्या भाषेच्या वाचकांनी तरी तो उघडून पाहायला हवा.