वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

श्रीरामांची सेना लंकेस निघाली, तेव्हा सर्वांआधी पुढे झाले ते सेतू बांधणारे नल आणि नील. युद्धकथा ऐकताना आपले चित्त धनुष्यबाणात गुंतते आणि वाट सिद्ध करणारे हात मात्र विस्मरणात जातात. परमवीर मेजर रामा राघोबा राणे यांचे चरित्र अशाच हातांचे चरित्र आहे.

कारवारजवळील चेंडिया हे राणे यांचे गाव. त्यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. वडील पोलिस शिपाई होते. १९४० च्या जुलै महिन्यात राणे बॉम्बे इंजिनियर्स या पलटणीत साधे जवान म्हणून भरती झाले. रस्ते करणे, पूल बांधणे, सुरुंग पेरणे व काढणे हे या पलटणीचे काम. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले. बुथिडाँग येथून सैन्य माघार घेत असता दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो नष्ट करण्यास जी तुकडी मागे राहिली, तीत ते होते. त्यांना नेण्यास येणारे जहाज आलेच नाही. जपानी पहाऱ्याखालील नदी ओलांडून ते आपल्या सैन्यास येऊन मिळाले. पुढे १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

काश्मीरवर तेव्हा आक्रमण झाले होते. राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्ये शत्रूच्या हाती गेली होती व तेथील प्रजा संकटात होती. ८ एप्रिल १९४८ रोजी आपली सेना नौशेराहून तिकडे निघाली. परंतु रस्ता सुरुंगांनी भरलेला, झाडे पाडून अडवलेला. रणगाडे पुढे जावेत कसे? वाट मोकळी करण्याचे काम राणे यांच्या तुकडीकडे आले. आरंभीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले व पाच जखमी झाले. त्या जखमींत स्वतः राणे होते. जखम बांधून ते कामास लागले.

पुढील दिवस त्यांनी विश्रांती अशी जाणली नाही. रणगाड्याखाली सरपटत जाऊन, त्याच्याच गतीने पुढे सरकत, दोरीच्या खुणांनी ते चालकास मार्ग दाखवीत. पाडलेले मोठे पाईनवृक्ष, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा मारा, असा अडथळाही त्यांनी दूर केला. जेथे रस्ता उरलाच नव्हता, तेथे बाजूने नवी वाट काढली. चिंगस गाठले गेले आणि १२ एप्रिल रोजी सेना राजौरीत पोहोचली. अनेक निरपराध नागरिकांचे प्राण त्यामुळे वाचले. या वेगाचे श्रेय वाट काढणाऱ्यांचे आहे, हे शासनानेही मानले.

१९५० मध्ये त्यांना परमवीर चक्र जाहीर झाले. १९४७-४८ च्या युद्धातील पाच परमवीरांपैकी तिघांना हा सन्मान मरणोत्तर लाभला. राणे व लान्स नाईक करमसिंग हे दोघेच तो जिवंतपणी पाहू शकले. मेजरच्या हुद्द्यावरून राणे निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. २००६ मध्ये कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभा राहिला, तर २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव मिळाले.

शौर्य म्हणजे केवळ शत्रूस मारणे नव्हे. मागून येणाऱ्यांचे पाऊल सुरक्षित पडावे म्हणून आपले पाऊल प्रथम धोक्यात टाकणे, हेही शौर्यच. किंबहुना ते अधिक अवघड, कारण त्यात हात थरथरून चालत नाही. देवाची पालखी निघण्यापूर्वी कोणी तरी पहाटे उठून वाट झाडतो, काटा-खडा वेचतो. पालखीपुढे नमन करताना भाविकांनी त्या हातांचेही स्मरण ठेवावे. राणे यांचे पुण्यस्मरण आपणांस एवढे जरी शिकवील, तरी ते सार्थकी लागेल.